मधल्या राखाडीचा मागोवा

चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला एक स्वाध्याय हमखास असतो. कागदावर नऊ चौकोन आखायचे. एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा, आणि मधले सात चौकोन असे भरायचे की उजेडाकडून काळोखाकडे उतरणाऱ्या पायऱ्या एकसारख्या वाटाव्यात. काम साधं दिसतं. पण पोस्टर कलरच्या बाटल्या उघडून पहिल्यांदा बसणारा मुलगा पाचव्या चौकोनासाठी निम्मा पांढरा नि निम्मा काळा घेतो, आणि त्याच्या हाती मधल्यापेक्षा बराच गडद राखाडी येतो. काळ्या रंगातली काजळी कमालीची बारीक असते आणि उजेड गिळण्याची तिची ताकद मोठी. म्हणून पांढऱ्यात काळा घालायचा तो दुधाला विरजण लावावं तेवढाच.

हे जमलं की दुसरी अडचण समोर येते. तळहाताएवढ्या कागदावर मधला वाटणारा राखाडी पट्टीत बसवला की बदलतो. पांढऱ्याच्या बाजूने पाहिला तर काळवंडतो, काळ्याच्या बाजूने पाहिला तर उजळतो. चौकोन कोरडा झाला की आणखी थोडा सरकतो. मुलं दोन-दोन दिवस ती पट्टी खरवडत, पुन्हा रंगवत बसतात. त्या दोन दिवसांत ती जे शिकतात ते पुढच्या कितीतरी वर्षांच्या कामाखाली पायासारखं राहतं, असं मला मनापासून वाटतं. डोळा मोजत नाही, डोळा तुलना करतो. त्या तुलनेला शिस्त लावण्यासाठी माणसाने ज्या युक्त्या शोधल्या, त्यांचा हा माग आहे.

सर्वांत जुना ठळक उल्लेख प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात मिळतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला हा रोमन लेखक चित्रकलेची वाटचाल सांगताना म्हणतो की कलेने हळूहळू उजेड आणि सावली शोधली; मग झळाळी वेगळी केली, कारण झळाळी म्हणजे साधा उजेड नव्हे; आणि उजेड व सावली यांच्या मधल्या प्रदेशाला ग्रीक लोक ‘टोनॉस’ म्हणत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये अपोलोडोरस नावाचा चित्रकार होता, त्याला तर सावल्या रंगवणारा म्हणूनच ओळखत. त्याचं एकही चित्र आज शिल्लक नाही. पण मधला प्रदेश हा स्वतंत्र विषय आहे आणि तो साधावा लागतो, ही जाण दोन हजार वर्षांपूर्वी लिखाणात आली होती.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र हाच विषय वेगळ्या अंगाने घेतं. आकाराला गोलाई आणण्याच्या क्रियेला तिथे वर्तना म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची, अतिशय सूक्ष्म अशी, आणि ठिपक्यांची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहिलं की ही वर्तना काय करते ते कळतं. चेहऱ्याच्या कडांशी रंग दाटत जातो, नाकाच्या कण्यावर आणि हनुवटीवर उजळ फटकारा येतो, आणि दगडी भिंतीवरचा चेहरा पुढे येतो. मात्र दिवा कुठे आहे, ऊन कुठून येतंय, हे विचारू गेलं तर उत्तर नाही. पद्मपाणीची सावली जमिनीवर पडत नाही. प्रत्येक आकार आपला उजेड आपल्यातच घेऊन आलेला आहे. ही उणीव आहे असं मी म्हणणार नाही. तो जगाकडे पाहण्याचा एक पूर्ण विचार आहे.

गंमत अशी की युरोपातही पंधराव्या शतकाच्या तोंडापर्यंत थोडाफार असाच विचार होता. इटलीतला चेन्निनो चेन्निनी 1400 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या हस्तपुस्तिकेत चित्रातले कपडे रंगवण्याची रीत सांगतो. तीन वाट्या घ्या. एकीत शुद्ध रंग, तिसरीत पांढरा मिसळून उजळ केलेला रंग, आणि मधल्या वाटीत या दोघांच्या दरम्यानचा. चुण्यांच्या खोलीत पहिला, उठावावर तिसरा. कारागिराला हाताशी धरून शिकवावं तशी ही भाषा आहे. आज रंग कालवताना आपण जे करतो त्याची बीजं या तीन वाट्यांत आहेत.

पण या रीतीत एक अडचण दडलेली होती. शुद्ध पिवळा मुळातच उजळ, शुद्ध निळा मुळातच गडद. दोन संत शेजारी उभे केले, एकाचा झगा पिवळा नि दुसऱ्याचा निळा, तर पिवळ्याची सावलीसुद्धा निळ्याच्या उजेडाइतकी किंवा त्याहून उजळ निघते. एकेक झगा पाहिला तर सुंदर. दोन्ही मिळून पाहिले तर ते एका उन्हात उभे आहेत असं वाटत नाही. प्रत्येक रंगाची शिडी वेगळी होती.

ती एक केली लिओनार्दोने. उजेड सगळ्यांवर सारखाच पडतो, तेव्हा रंग कोणताही असो, सावलीत तो तितकाच बुडाला पाहिजे, हा त्याचा आग्रह. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं त्याचं ‘मॅजाईंची आराधना’ हे चित्र त्याने 1481 मध्ये हाती घेतलं आणि मिलानला जाताना अर्धवट सोडलं. ते अपुरं राहिलं हे आपलं भाग्य. त्यात रंग जवळजवळ नाहीतच. तपकिरी अंधारातून चेहरे, हात, घोडे हळूहळू वर येताना दिसतात. म्हणजे लिओनार्दो रंग लावण्याआधी सबंध चित्राचा उजेड-अंधार ठरवून घेत होता. सगळ्या वस्तूंना एकाच शिडीवर आपापली पायरी मिळते, आणि मग रंग येतो. आपली नऊ चौकोनांची पट्टी खऱ्या अर्थाने इथे जन्मते, जरी ती अजून कोणी आखलेली नव्हती. त्याच्या टिपणांत व्यक्तिचित्रासाठी अंगण कसं असावं याचा सल्लाही आहे: भिंती काळ्या रंगवाव्यात, वर कापडाचं छत ताणावं, संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस निवडावा. उजेड मऊ झाला की मधल्या छटा वाढतात, आणि मधल्या छटांतच चेहरा असतो.

त्याच्याही आधी, 1435 मध्ये, लेओन बातिस्ता अल्बर्तीने चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात एक युक्ती लिहून ठेवली. पाहताना पापण्या अर्धवट मिटाव्यात, म्हणजे उजेड मंदावतो आणि समोरचं दृश्य चित्रात उतरल्यासारखं दिसू लागतं. महाराष्ट्रात ज्याने कधी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिली असेल, त्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल. स्थिरचित्राच्या तासाला तांब्या, कांदे आणि घडी मोडलेलं कापड समोर मांडून सर मागून येत आणि म्हणत, “डोळे बारीक करून बघ.” बारीक केलेल्या डोळ्यांना तांब्यावरचं नक्षीकाम दिसत नाही, कापडाची वीण दिसत नाही, जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि चार-पाच मोठे ठोकळे उरतात. सहा शतकांत या युक्तीला पर्याय निघालेला नाही. अल्बर्तीचं आणखी एक म्हणणं मला फार आवडतं. पांढरा आणि काळा रंग क्लिओपात्राने व्हिनेगरमध्ये विरघळवलेल्या मोत्यांपासून होत असता तर बरं झालं असतं, म्हणजे चित्रकार त्यांच्या बाबतीत कंजूष झाले असते. शुभ्र पांढरा एकदा खर्च केला की चित्रात त्याहून उजळ काही आणता येत नाही, हे त्याने ओळखलं होतं.

अठराव्या शतकात पापण्यांचं काम एका वस्तूकडे गेलं. ‘क्लोद ग्लास’ नावाचा खिशात मावणारा, किंचित फुगीर, काळपट आरसा इंग्लंडमधले हौशी प्रवासी बाळगू लागले. दृश्याकडे पाठ करायची आणि आरशात पाहायचं. रंग मावळतात, टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, तेवढे उरतात. कवी टॉमस ग्रे 1769 मध्ये सरोवरांच्या प्रदेशात फिरताना हा आरसा उघडा धरून चालता चालता पाठीवर पडला, बोटांची पेरं फोडून घेतली, आणि तरीही सूर्यास्त पाहूनच परतला.

या काळातली मला सर्वांत शिकवून जाणारी गोष्ट मात्र जोशुआ रेनॉल्ड्सची आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीचा हा पहिला अध्यक्ष तरुणपणी व्हेनिसला गेला, तेव्हा तिशियन, तिंतोरेत्तो, व्हेरोनेझे यांची चित्रं पाहताना त्याने त्यांची नक्कल केली नाही. चित्रात विशेष परिणाम दिसला की तो खिशातल्या वहीचं एक पान काढी आणि चित्रात जिथे जितका काळोख असेल तितकं पेन्सिलने काळं करी. कोण कुठे उभा आहे, हातात काय आहे, याकडे पाहायचंच नाही. उजेडाच्या जागी कागद कोरा सोडायचा. असे थोडे प्रयोग झाल्यावर त्याला दिसलं की सगळी पानं जवळपास सारखीच आहेत: सुमारे पाव भाग उजेड, पाव भाग गडद काळोख, आणि उरलेला निम्मा भाग मधल्या छटांचा. रुबेन्सकडे उजेड पावपेक्षा जास्त. रेम्ब्रांटकडे फार कमी, जेमतेम एक अष्टमांश, आणि त्या अष्टमांशासाठी बाकी सगळं चित्र त्याने खर्ची घातलेलं. हे निरीक्षण 1783 मध्ये छापून आलं. पानावर एकही आकृती नसताना, ते पान दूर धरलं तरी त्यात चित्राचा जीव दिसत असे, असं रेनॉल्ड्सने नोंदवलं आहे. चित्र कशाचं आहे हे कळण्याआधी ते आपल्याला धरतं किंवा सोडतं, याचं एवढं साधं प्रात्यक्षिक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. संग्रहालयात वही घेऊन जाणाऱ्या कोणालाही ते आजही करता येईल.

एकोणिसाव्या शतकात हा विषय चित्रकारांच्या हातून काही काळ शास्त्रज्ञांकडे गेला. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणलेल्या भित्तिपटांसाठी लोकर रंगवत. तिथला रसायनशास्त्रज्ञ शव्हरल याच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी तो फिका दिसत होता. त्यातून 1839 मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला.

मग येतो बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ जोझेफ प्लातो. दृष्टीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेला हा माणूस चाळिशीच्या आसपास पूर्ण आंधळा झाला आणि तरीही सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी प्रयोग करत राहिला. काळा आणि पांढरा यांच्या बरोबर मधोमध वाटेल असा राखाडी रंगवा, असं त्याने आठ चित्रकारांना सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या चित्रशाळेत, आपल्या खिडकीच्या उजेडात तो तयार केला. खिडक्या वेगळ्या, दिवसाचे प्रहर वेगळे, हात वेगळे. आठही नमुने एकत्र ठेवले तेव्हा ते जवळपास एकच निघाले. प्लातोने हे 1872 मध्ये प्रसिद्ध केलं. याचा अर्थ मधला राखाडी ही कोणाच्या लहरीची बाब नाही. कसलेल्या डोळ्यांत त्याची जागा ठरलेली असते. उजेड किती वाढला की संवेदना किती वाढते, यावर जर्मन शास्त्रज्ञ फेख्नरने 1860 मध्ये एक सूत्र मांडलं होतं; प्लातोच्या आठ राखाडी तुकड्यांनी वेगळी दिशा दाखवली. तो वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, अमेरिकेतल्या स्टीव्हन्सच्या प्रयोगांपर्यंत चालला. मानसशास्त्राच्या एवढ्या मोठ्या वादाच्या मुळाशी आठ चित्रकारांचं रंग कालवणं होतं, याचा अभिमान वाटावा.

त्या मधल्या राखाडीला आकडा मिळाला तो बॉस्टनच्या आल्बर्ट मन्सेलमुळे. तो चित्रकार होता आणि कलाशिक्षकही. मुलांना रंग शिकवताना शब्द अपुरे पडतात म्हणून त्याने प्रत्येक रंगाला तीन मापं दिली: रंग कोणता, तो किती उजळ, आणि किती तेजदार. उजळपणाची शिडी काळ्यासाठी 0 आणि पांढऱ्यासाठी 10. त्याचं छोटं पुस्तक 1905 मध्ये निघालं. पुढे 1943 मध्ये ही मापं पुन्हा काटेकोर तपासली गेली. त्या शिडीवरच्या मधल्या, म्हणजे 5 क्रमांकाच्या राखाडीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण 20 टक्केच परत येतो. अर्धा नव्हे, पाचवा हिस्सा. छायाचित्रकारांचं 18 टक्क्यांचं राखाडी कार्ड याचंच भावंड.

स्वाध्यायातल्या मुलाची अडचण इथे उलगडते. अर्धी काळी, अर्धी पांढरी चकती भिंगरीसारखी गरगर फिरवली तर डोळ्याला निम्मा उजेड मिळतो आणि दिसणारा राखाडी मधल्यापेक्षा बराच उजळ असतो. तेच दोन रंग वाटीत निम्मे-निम्मे कालवले तर मधल्यापेक्षा बराच गडद. खरा मधला या दोन अर्ध्यांच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि कोणत्याही सरळ हिशेबाने सापडत नाही. तो पाहूनच काढावा लागतो. हार्वर्डचा डेन्मन रॉस त्याच काळात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्या मांडून, प्रत्येक पायरीला नाव देऊन, रंगपाटीही त्याच क्रमाने लावायला शिकवत होता. आपल्या नऊ चौकोनांशी त्याचं नातं उघड आहे.

मुंबईत ही शिस्त त्याआधीच आलेली होती, वेगळ्या वेशात. 1857 मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या पद्धतीने शिकवत, आणि त्या पद्धतीचा कणा म्हणजे प्लास्टरचे पुतळे. पुतळा पांढरा का, तर रंगाचा प्रश्नच नको. उरतो तो केवळ उजेड कुठे वळतो हा प्रश्न. एकेका पुतळ्याच्या छायांकनात मुलं आठवडेच्या आठवडे घालवत. या शिक्षणावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि परक्या देवांच्या नाकडोळ्यांत मुलांची उमेद जिरते ही टीका बरीचशी खरी होती. तरी त्याच छताखाली दुसरं काही घडत होतं. तिथला कलाशिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता. ग्रीक पुतळ्याच्या गालावरचा एका खिडकीचा उजेड ज्यांच्या बोटांत बसला होता, तेच तरुण लेण्यात बसून कोणत्याही खिडकीशिवाय उजळलेल्या पद्मपाणीच्या गालाची प्रतिकृती करत होते. दोन वेगळे विचार एकाच हातातून वाहत होते. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सचे अजिंठ्याच्या चित्रांवरचे दोन खंड 1896-97 मध्ये निघाले, म्हणून त्यांची कल्पना तरी येते.

या शिक्षणाचं सोनं पाहायचं तर मुंबईच्या जलरंगांत पाहावं. पारदर्शक जलरंगात पांढरा मिसळायचा नसतो. पांढरा म्हणजे कागद, आणि मधली छटा म्हणजे कुंचल्यातल्या पाण्याचं प्रमाण. शिवाय जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना हवा त्याहून गडद लावावा लागतो. मनातल्या पायरीच्या एक पायरी खाली उतरून रंगवायचं आणि वाळल्यावर ती वर येईल यावर विश्वास ठेवायचा. सावंतवाडीत 1882 मध्ये जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर या विद्येत निष्णात होते. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीआड धरलेला दुसरा हात, बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. आपल्या मुलीला समोर उभं करून त्यांनी ते 1945-46 च्या सुमारास रंगवलं. आजही कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, याचं मला वाईट वाटतं. जलरंगात एवढा दाट काळोख, एकही छटा मळू न देता, बांधणं किती अवघड आहे ते त्यामुळे नजरेतूनच सुटतं.

त्या चित्राची करामत जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने आधीच सांगून ठेवली होती. प्रकाशशास्त्र आणि चित्रकला यांच्यावरच्या आपल्या व्याख्यानात तो म्हणतो की चित्रकार निसर्गातल्या उजेडाची नक्कल करूच शकत नाही, कारण रंगांची धाव फार तोकडी. कागदाचा पांढरा आणि काळा यांच्यातलं अंतर थोडकं, ज्योत आणि कोपऱ्यातला अंधार यांच्यातलं अंतर प्रचंड. चित्रकाराच्या हाती असतात फक्त प्रमाणं. ज्योतीला कागदाहून उजळ करता येत नाही, म्हणून हळदणकरांनी बाकी सगळं खाली ढकललं: साडी, चेहऱ्याची पलीकडची बाजू, भिंत. रेम्ब्रांटचा अष्टमांश इथे कागदावर आला.

रंगाचा टोन ओळखणं हे यातलं सर्वांत कठीण. लाल आणि हिरवा एकाच पायरीवर असू शकतात आणि तरी आपल्याला लाल जास्त उजळ वाटतो, कारण तो ओरडतो. बोहेमियाच्या पुर्किन्येला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिसलं होतं की संधिप्रकाशात लाल फुलं आधी काळवंडतात आणि निळी बराच वेळ उजळ राहतात. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला तर लाल जवळजवळ दिसतच नसे. जे. जे. मध्येच शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा कॅमेऱ्यापुढचा लाल रंग पडद्यावर काळा उतरणार हे धरूनच चालावं लागत होतं.

आता विद्यार्थी फोनवर फोटो काढतात, बोटाने रंग घालवतात आणि टोन तपासतात. याला विरोध करण्याचं कारण नाही. क्लोद ग्लासचाच हा वारस आहे. मात्र त्याचाही एक स्वभाव आहे. रंगीत फोटो कृष्णधवल करण्याचं एक रूढ सूत्र हिरव्याला सुमारे 59 टक्के, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन देतं. काही ॲप तिन्ही सरसकट सारखे धरतात, आणि मग पिवळी साडी नि निळी भिंत चुकीच्या पायरीवर जातात. त्याहून मोठी गोष्ट प्रकाशमापनाची. समोर काहीही असो, त्याची सरासरी मधल्या राखाडीच्या आसपास असणार असं कॅमेऱ्याने गृहीत धरलेलं असतं. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा प्लास्टरचा पुतळा ठेवून फोटो काढला तर दोन्ही मळकट राखाडी येतात, आणि फोटोवर विसंबून रंगवणारा मुलगा तेच कागदावर उतरवतो. तेव्हा प्रकाश हाताने वाढवून घ्यावा, आणि फोटो पाहण्याआधी डोळे बारीक करून पुतळ्याची सर्वांत गडद सावली नि सर्वांत उजळ जागा स्वतः ठरवून कागदाच्या कडेला दोन ठिपक्यांनी नोंदवून ठेवावी.